पाखरं कोणाची

सोनाळ्यात आता ज्वारी पेरणारी एकटी सत्यभामाबाई. बाकीच्यांनी पाखरांच्या त्रासानं ज्वारी सोडली, त्यामुळे साऱ्या गावची पाखरं तिच्याच वावरात. यंदाही कणसं रिकामी झाली असती तर बियाण्यालाही दाणा उरला नसता. म्हणून ती दिवसभर मचाणावर उभी राहून गोफण फिरवी.

धुऱ्याच्या बांधापलीकडे तिचा धाकटा दीर शालिग्राम याचं वावर. त्याच्या हरभऱ्यात अळी पडली. पाखरांनी बसावं, अळ्या वेचाव्यात, म्हणून त्यानं आडव्या दांडीचे बांबूचे थांबे रोवले, तेही धुऱ्यालगतच. वहिनीकडे पाखरं येतातच, तिथून आपल्याकडे वळतील, हा त्याचा हिशेब.

"वहिनी, गोफण काऊन फिरवता? माह्याइकडचेबी पाखरं उडून राह्यले."

"अन् तुमच्या बांबूवर बसून माही ज्वारी खातात, ते दिसत नाही का भाऊजी?"

"खाणारे येगळे असतीन."

"मंग तुमीच ओळखा. चोर असीन त्यालेच मारा." तिनं मचाणावरून उतरून गोफण त्याच्या हातात दिली.

शालिग्राम तसा पोचलेला माणूस. सोसायटीच्या निवडणुकीत कोणाचं मत कुठं पडलं, हे पेटी उघडायच्या आधी सांगतो. त्यानं गोफणीत धोंडा घातला. एक साळुंकी थांब्यावरून उतरली, अळी उचलली. तो खूश झाला. तीच साळुंकी मग धुरा ओलांडून कणसावर झुलली, दाणे टिपले अन् परत थांब्यावर येऊन बसली.

"हे कोणत्या पार्टीचं म्हणावं?"

"मारता का सोडता?"

"मारलं त माहं नुकसान, सोडलं त तुमचं. पहिले बरं होतं. घरोघर ज्वारी होती, पाखरं वाटल्या जात."

"मंग सोडली काऊन?"

"पाखरांपायी."

"अन् ते पाखरं माह्याकडे कोणापायी आले?"

शालिग्राम बोटांवर मोजत बसला. प्रत्येक वेळी हिशेब जिथून सुरू केला तिथंच येऊन थांबे. धोंडा गोफणीतच राहिला.

काढणीला सत्यभामाबाईच्या हाती निम्मी कणसं आली. शालिग्रामचा हरभराही निम्माच वाचला. तो खळ्यावर येऊन घुटमळला.

"वहिनी, पुढच्या साली धुऱ्यालगत चार ओळी ज्वारी मीबी पेरतो म्हणतो."

तिनं भरलेली कणसं निवडून त्याच्या उपरण्यात टाकली. "बियाणं न्या. पण पाखरंबी निम्मे न्या."

"कोणते निम्मे?" त्यानं विचारलं.

खळ्यावर एक साळुंकी दाणे टिपत होती. सत्यभामाबाईनं गोफण उचलली, शालिग्रामच्या थांब्यांकडे पाहिलं अन् ती तशीच खाली ठेवली.