निवडलेले दगड

आमची वाडी रोह्याच्या डोंगरात, दोन माळांच्या मधी. पूर्वेचा माळ खरवडून नेला त्याला जमाना झाला. पश्चिमेचा हाय तसा हाय, आणि त्याच्या अंगातनं निघणारा झरा हेच आमच्या चाळीस घरांचं पाणी. वाडीत टाकी हाय, टाकीवर पुढाऱ्याचं नाव हाय, आत पाल राहते. तेव्हा झरा गेला तर वाडी उठली, एवढं सरळ गणित.

माळाचं पोट मला ठाऊक हाय. शाळेत नाय गेले, खड्ड्यांत उतरले. वर जांभा, त्याच्यातच बॉक्साइट. जांभा पावसाळाभर पाणी पितो. त्याच्याखाली चिकण मातीचा थर, तो पाण्याला खाली जाऊ देत नाय, म्हणून ते कडेनं झऱ्यात येतं. मातीखाली काळा कातळ, सगळा भेगांचा.

तीस वर्षांमागं पूर्वेच्या माळावर सर्वे आला. गडी खड्डे खणायचे आणि आमी बाया नमुना करायचो. खड्ड्यातला माल फोडायचा, ढीग चपटा करून चार वाटे पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन फेकायचे. परत ढीग, परत चार वाटे. पिशवीभर उरला की चिठ्ठी घालून तोंड बांधायचं. 'पुतळाबाई, काही निवडायचं नाही, येईल तसं भर,' असं सर्वेवाले दिनानाथ साहेब दिवसातनं दहादा सांगायचे. पण त्यांची पाठ फिरली की माझी बोटं चालायची. तांदळात खडा दिसला आणि तो तसाच शिजवला, असं माझ्या हातून कधी झालं नाय. पिवळ्या मातीचे गोळे मी काढून टाकायची, घट्ट तांबडा माल तेवढा पिशवीत. परक्याच्या हातात घाण कशी द्यायची? मला वाटायचं, मी चोख काम करते.

पिशव्यांचा आकडा भारी आला आणि खाण आली. चार वर्षं ट्रक धरमतरच्या धक्क्याकडं पळत होते. मग एक दिवस सगळं बंद. कागदावर होता तसा माल निघाला नाय म्हणे. ते गेले, आणि दुसऱ्या उन्हाळ्यात पूर्वेचा झरा आटला. तिकडची अकरा घरं वीटभट्टीवर गेली ती परत आली नायत. हे कशानं झालं ते मला एकटीला माहीत होतं. मी तोंड शिवून बसले. नवऱ्याला नाय सांगितलं, तो मरेपर्यंत. लाज वाटायची, अजून वाटते.

यंदा दिवाळी झाली आणि संध्या मॅडम आल्या, पश्चिमेचा माळ तपासायला. पोरगी बरी होती, आपला डबा आपण घासायची. नमुन्याला दोन बाया पायजे होत्या. एक मी, जुनी जाणती म्हणून. दुसरी माझी सून वनिता. ही पेणकडची, लग्नाआधी गणपतीच्या कारखान्यात माती मळायची. निम्मे खड्डे माझे, निम्मे तिचे.

पहिल्याच दिवशी मी ठरवलं. तेव्हा चांगलं करून घालवलं, आता वाईट करून राखायचं. माझ्या प्रत्येक पिशवीत दोन मुठी चिकण माती जायला लागली. वनिताला बोलले नाय. तिला हे सांगायचं तर तीस वर्षांमागचं पण सांगावं लागलं असतं, आणि सुनेपुढं कोण मान खाली घालणार?

महिन्यानं मॅडम वाडीवर आल्या त्या तोंड पाडून. म्हणाल्या, "आजी, तुमच्या खड्ड्यांचा माल अगदी हलका आलाय आणि वनिताच्या खड्ड्यांचा अगदी भारी. वीस पावलांवरचे खड्डे, असं होत नाही. ऑफिसचा आता हातच्या नमुन्यांवर विश्वास नाही. ड्रिल मशीन येतंय."

तेव्हा बोलायला पायजे होतं. पण मी म्हटलं, "व्हय का," आणि चुलीकडं वळले.

मशीन आलं. ड्रिलवाल्याला मी सांगून बघितलं, "बाबा, चिकण माती लागली की थांब. तिच्या खाली जाऊ नको."

"मावशी, मला वीस मीटरची ऑर्डर हाय," तो म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं.

जांभा गेला. पांढरट चिकण माती वर आली. मग काळा चुरा यायला लागला, म्हंजे कातळ. आणि ड्रिल गार राहायला भोकात सोडलेलं पाणी वर यायचं बंद झालं. आख्खा टँकर ओतला, सगळा खालीच गेला. भेग लागली, म्हणाला, आणि मशीन पुढं सरकवलं. अशी पाच भोकं पाडली. माळानं धरून ठेवलेलं पाणी त्या पाच वाटांनी कातळात उतरलं.

आठव्या दिवशी झऱ्यावर हंड्यांची रांग ओढ्यापर्यंत. धार करंगळीएवढी. एरवी धार होळीनंतर बारीक होते, आणि होळी अजून दोन महिने लांब होती. बाया माझ्याकडं बघत होत्या, ही जुनी, हिला ठाऊक असेल म्हणून. मला तिथं उभं राहवेना.

मी माळ चढले. वनिता मागनं आली. मॅडम मशीनजवळ सामान बांधत होत्या. मी सगळं बोलून टाकलं, माती घातली ते, आणि तीस वर्षांमागं निवडलं ते. वनिता ऐकत होती. मधी थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं.

मॅडम दगडावर बसल्या. म्हणाल्या, "ड्रिलचे आकडे काल आले, आजी. माळात फारसा माल नाही. खाण परवडणार नाही. कोणी येणार नाही इथं."

"मग माझे आकडे तेच तर सांगत होते," मी म्हटलं.

"तुमचे त्याहून कितीतरी खाली होते. आणि वनिताचे कितीतरी वर. तिचे कसे वर गेले तेच मला कळत नाही."

वनितानं पदराला हात पुसले. "मी गोळे काढून टाकले," ती म्हणाली. "मातीचे. कारखान्यात खडा राहिला तर ओरडा बसायचा. घाण माल कसा देऊ?"

माझेच हात. माझ्यासमोर बसून ती तेच करत होती, आणि मी माझी माती लपवण्यात गुंग होते.

मॅडम हळूच म्हणाल्या, "तुम्ही दोघींनी खड्ड्यातलं जसंच्या तसं भरलं असतं, तर खड्ड्यांवरच काम संपलं असतं. ड्रिल आणलंच नसतं." बोलल्या आणि मान खाली घातली. त्यांनाही वाईट वाटलं असणार.

तेव्हापासून आमी दोघी रोज वर जातो. वनिता चिकण माती मळते, मी भोकात टाकते, बांबूनं ठोसते. तीन भोकं बुजली. वरून बुजली, खाली काय झालं ते दिसत नाय. धार तेवढीच हाय. लोक विचारतात, खाण येणार नाय ना? नाय येणार, म्हणते. लोक खूश होतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

काल माती मळता मळता वनिता थांबली. रागानं नाय बोलली, दमून बोलली.

"आत्या, तीस वर्षांमागचं तुमी मला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर मी एका गोळ्याला हात लावला नसता."

मी म्हटलं, "व्हय गो."

ती परत मळायला लागली, आणि मी बांबू उचलला.