भाकर गोड होईस्तोवर

माझ्या डाव्या जबड्यातल्या चार दाढा गेल्या, अक्कल मात्र शाबूत आहे. त्यामुळे आमचे मालक माणिकराव यांनी दुपारच्या जेवणाचा अर्धा तास पंधरा मिनिटांवर आणला, तेव्हा सगळ्यांत आधी माझं डोकं तापलं.

बेला गावाजवळच्या त्यांच्या कपाशीत आम्ही सात बाया रोजाने निंदण करतो, तण काढतो. जेवायला बसलो की मालक मोबाइलचा भोंगा लावून बांधावर उभे. भोंगा वाजायच्या आत बाया भाकर पाण्याबरोबर घशाखाली ढकलायच्या आणि दुपारभर छाती चोळत निंदायच्या. मीही आठ दिवस तेच केलं. सांगायलाही लाज वाटते.

आमच्यातली नीलिमा उटनूरच्या वसतिगृहात राहून बारावी झालेली. नवव्या दिवशी ती म्हणाली, "मावशी, पचन तोंडातच सुरू होते. एक घास नुसता चावत राह्य, गिळू नको. मंग सांग."

चावला. ज्वारीची कोरडी भाकर, गूळ नाही की साखर नाही, हळूहळू गोड लागायला लागली.

"हे लाळेचं काम हाय," ती म्हणाली. "मंग पोटात घुसळन, मंग आतड्यातून रगतात. पन पोटाले दात नाईत. तोंडानं काम सोडलं का ते पोटाच्या बोकांडी बसते."

म्हणजे मालक पंधरा मिनिटं वाचवत होते ती आमच्या पोटातून.

भोंगा वाजला. मी उठले नाही.

"रेणुकाबाई, उठा. नाईतर उद्यापासून येऊ नका."

या वयात मला दुसरं कोण कामावर घेणार? पण तोंडात घास होता आणि तो मी तसाच गिळणार नव्हते. नीट चावला, मग बोलले.

"मालक, वावर तुमचं हाय, पोट माह्यं हाय. अर्धा घंटा लागते."

"मंग घरीच बसा."

उभी राहिलेली नीलिमा परत खाली बसली. तिच्या शेजारी गयाबाई बसली, मग बाकीच्याही. फडक्यात बांधलेल्या उरल्यासुरल्या भाकरी पुन्हा बाहेर आल्या. सगळ्या नुसत्या चावत होत्या.

माणिकरावांनी शेताकडे पाहिलं. अधूनमधूनच्या पावसाने कालच उघडीप दिली होती, निम्मं वावर निंदायचं राहिलं होतं आणि तिथलं गवत कपाशीच्याही वर गेलं होतं. त्यांनी मोबाइल खिशात टाकला.

"जेवा मंग," ते म्हणाले.

"जेवूनच राह्यलो," मी म्हटलं. "तुमाले इचारलं कोनं?"