अष्टमीची सुकती

१९८३ सालच्या नाताळच्या सुट्टीतली ही गोष्ट. पाण्याखालची पोवळी बघायला म्हणून तेव्हा मालवणात कुणी होडी करत नसे. होडी मासे धरायची, आणि तिच्यात बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही, अशी रीत.

कावेरी मुलींच्या शाळेत शिकवायची. तिची नणंद लीला नवऱ्याला आणि दोन मुलांना घेऊन दादरहून येणार होती. निवतीसमोरची बेटं आम्हाला दाखवच, असं तिने पत्रातच बजावलं होतं. कावेरीला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सगळा बेत ठरवला तो मासेवाल्या चंद्रावतीने, मागल्या दारच्या पायरीवर बसून. बारा वर्षं ती त्या दारी मासे घालत होती. टोपली उतरली की कावेरी चहा आणायची आणि दोघींच्या गजाली चालायच्या.

"वयनी, अष्टमी धरा," चंद्रावती म्हणाली. "सकाळी सहा वाजता भरती, तेव्हा सुटायचा. दुपारी बाराक सुकती. पाणी उणा आणि सूर्य माथ्यार, तेव्हाच खालचा दिसता. दूध घेव नकात, नासात. दहीपोहे घेया, लिंबा घेया. आणि एक नारळ. खडकाक दिल्याशिवाय थंय नांगर टाकूचो नाय."

होडी तिच्या भावाची ठरली, देवबागच्या काशीरामची. सगळं ठरल्यावर ती टोपली उचलायची सोडून पदराशी चाळा करत बसली.

"त्या दिवशी होडीत जाळा नसतला मां? मगे माका येवक मिळात?"

तिचा नवरा शिवा चार वर्षांपूर्वी समुद्रातच गेला होता. तो सांगायचा, त्या खडकांच्या खाली मोगरा फुललेला आहे, पांढराशुभ्र.

"तेंका मी हसलंय," चंद्रावती म्हणाली. "दर्यात खंयचो मोगरो? आता एकदा बघूचा आसा."

"ये गो. तुझ्याशिवाय कोण जातला?" कावेरी म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली होती.

लीला आली. दुसऱ्या दिवशी चंद्रावतीने लिंबांची पिशवी आणून दिली आणि जाताना लीलाकडे बघून ओळखीचं हसली. ती फाटकाबाहेर गेल्यावर लीलाने विचारलं, "ही पण येणार? म्हणजे दिवसभर टोपलीशेजारी बसल्यासारखंच की. पोरं वाटेतच ओकतील."

कावेरी हसली. नुसती हसली. कावेरीचा नवरा श्रीपाद वर्तमानपत्रातून वर बघून म्हणाला, "बेत तिनेच ठरवलाय." पण तो तेवढंच म्हणाला.

संध्याकाळी कावेरी बाजारात चंद्रावतीला गाठायला गेली. येऊ नको, असं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "पोरां लवकर उठणत नाय गो. तू सातांक ये."

चंद्रावतीने मनाशी हिशेब केला. "सातांक पाणी उतराक लागता, वयनी." मग म्हणाली, "पण तुमी म्हणतास तर सातांक."

अष्टमीला सहाच्या भरतीला काशीराम धक्क्याला लागला. सगळे बसले. एक जागा रिकामीच होती.

"आक्का खंय?"

"तिका ताप इलो," कावेरी म्हणाली. "रात्री निरोप इलो."

काशीरामने एकदा रस्त्याकडे बघितलं आणि इंजिन चालू केलं.

बेटांपाशी त्याने नारळ फोडून पाण्यात सोडला. बारा वाजता पाणी आरशासारखं थांबलं. मुलं कडेवरून वाकून ओरडत होती. लीलाला पिवळे-निळे मासे दिसले. कावेरीला दिसली ती खडकाला बिलगलेली पांढरट पोवळी, फांद्यांवर फांद्या, प्रत्येक टोकाला कळी असावी तशी. मोगराच होता. दहीपोह्यांना तिने हात लावला नाही. लीलाने तिच्या हातात लिंबू दिलं, बोट लागली असेल म्हणून.

पाच वाजता परतले तेव्हा चंद्रावती धक्क्यावर बसलेली होती. लग्नकार्यात नेसायचं ठेवणीतलं लुगडं, तेल लावून चापून बांधलेले केस, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. सकाळी सातपासून ती तिथेच होती. वेळ आपणच चुकीची ऐकली, उशीर आपल्यालाच झाला असं समजून, होडी सुखरूप येईपर्यंत थांबली होती.

काशीरामने दोर फेकता फेकता विचारलं, "आक्का, ताप उतारलो?"

चंद्रावतीने कावेरीकडे बघितलं. फार वेळ नाही, दोर खुंट्याला अडकेपर्यंत.

"उतारलो," ती भावाला म्हणाली. मग लीलाच्या धाकटीला हात देऊन वर घेतलं.

तिसऱ्या दिवशी ती दारी आली. मासे नेहमीसारखेच ताजे. पण टोपली तिने डोक्यावरून उतरवली नाही, उभ्यानेच मासे काढून दिले. कावेरी चहा घेऊन आली तर म्हणाली, "आता नको, वयनी, उशीर जाता." तू माझी लाज का राखलीस, हे कावेरीला विचारायचं होतं. आणि मोगरा खरा आहे, हेही सांगायचं होतं. पण ते सांगायचं तर मी बघून आले असं म्हणावं लागलं असतं. त्या पायरीवर पुन्हा कुणी बसलं नाही.

लीला पुढे मुलाकडे पुण्याला गेली. त्या सहलीचे फोटो तिने भिंतीवर लावले होते. श्रीपाद निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गेला. काशीरामने जाळी विकली. त्याचे नातू आता देवबागहून पर्यटकांना पोवळी दाखवायला नेतात, बाया-माणसं सगळी जातात. चंद्रावती अठ्ठ्याण्णव साली गेली, ती बेटं न बघता. कावेरीला ऐंशी उलटली. काशीरामचे नातू दरवर्षी बोलावतात, मावशी, एकदा चला, फुकट नेतो. ती पाय दुखतात म्हणून सांगते. पंचांगात अष्टमी मात्र अजून बघते, आणि त्या दिवशी सकाळी सात वाजता तिला घरात बसवत नाही.