वासाची अट

झाकणाच्या कडेचे बारीक कंगोरे अंगठ्याखाली करकरत फिरत होते, पण झाकण काही उघडत नव्हतं – आधी खाली दाबायचं, मग फिरवायचं, ही त्याची रीत – आणि तिनं दाबलं, फिरवलं, बाटली नाकाशी नेली... काही नाही. पाण्यासारखं काही नाही. बाटलीत विष नव्हतंच. कंपनीनं समितीला दाखवायला पाठवलेला तो नुसता नमुना होता, तोच रंग, तोच दाटपणा, विष तेवढं वगळलेलं. हे तिला ठाऊक होतं. तरी त्या ‘काही नाही’नं तिच्या मानेवर काटा आला.

“आला का वास?” समोरच्या टेबलावरच्या रसायनवाल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

“नाही ना. तीच तर पंचाईत.”

कीटकनाशकांना विक्रीची परवानगी देणाऱ्या या कार्यालयात ती विषाचं काम बघायची. कुठलं द्रव्य किती पोटात गेलं तर काय होतं, कातडीतून किती शिरतं, डोळ्यात उडालं तर काय – कंपन्या चाचण्यांचे गठ्ठे पाठवायच्या, ती ते वाचून समितीला मत द्यायची. आजचा अर्ज साधा दिसत होता. जुनंच फवारणीचं औषध, वर्षानुवर्षं विकलं जाणारं. कंपनीला त्यातला मुद्दाम मिसळलेला घाण वास काढून टाकायचा होता. बाकी सगळ्या चाचण्या चोख. नाही म्हणायला शास्त्रात जागा नव्हती.

औषध... घरीही तेच म्हणत. बाबा एका मोठ्या रोपवाटिकेत माळी होते आणि ‘बाबा औषध मारायला गेलेत’, ‘औषध संपलंय’, असं घरात येता-जाता ऐकू यायचं, मग पोरीला दुसरं काय वाटणार? बाहुलीला ताप होता. डॉक्टरीणबाई स्वतःच, नर्सही स्वतःच. परसातल्या फळीवरची बाटली, स्वयंपाकघरातला चमचा. आणि आई नेहमी आधी स्वतः चाखून दाखवायची – बघ, गोड आहे – म्हणून डॉक्टरीणबाईंनीही चमचा आधी आपल्याच ओठांशी नेला, आणि नासकी अंडी आणि जळकं रबर एकदम डोक्यात शिरावं तसा तो वास... चमचा कुठल्या कुठे उडाला. तिनं टाहो फोडला. आई धावत आली, पोरीचे हात कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले, धुता धुता हसत होती की रडत होती ते आजही सांगता येत नाही. काळ आला होता, पण वेळ आली नव्हती, असं आई पुढे आल्यागेल्याला सांगायची.

पण वेळ आपण होऊन थांबत नाही. कुणीतरी ती थांबवतं – हे तिला इथं नोकरीला लागल्यावर कळलं, त्या औषधाच्या नोंदणीतली अट वाचताना: उग्र वासाचा घटक मिसळणे बंधनकारक. तेव्हापासून तिनं मनात एक माणूस घडवला होता. कधी तो चष्म्यातून थकल्या नजरेनं बघणारा बाप असे, कधी घरी तान्हं मूल ठेवून आलेली बाई. कामाचा कंटाळा आला, कुणी वरून दडपण आणलं, की ती त्या माणसाला मनातल्या मनात म्हणायची – तुम्ही होतात म्हणून मी आहे.

ती अट घातली गेली तेव्हा अण्णा समितीत होते. आता निवृत्त, सल्ल्यापुरते बोलावले जात. बैठकीआधी ते बाहेरच्या बाकावर चहा फुंकत बसलेले दिसले आणि इतकी वर्षं न विचारलेलं तिनं विचारून टाकलं.

“अण्णा, वासाची ती अट कुणी सुचवली हो? लहान मुलांसाठीच ना?”

“मुलांसाठी? छे गं!” अण्णा खदखदून हसले. “दुकानदार ते डबे पिठाच्या पोत्यांना खेटून ठेवायचे. सांगून सांगून जीभ झिजली. शेवटी आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, घाला त्यात असला वास की गिऱ्हाइकंच पळतील! सगळ्यांना भुका लागलेल्या. लिहून टाकलं, उठलो.”

“एवढंच?”

“एवढंच. तुला काय वाटलं, तिथं देवमाणसं बसतात? निम्मी कंटाळलेली असतात. पण कंटाळली तरी बसून राहतात ना, ते काय कमी आहे?”

ती हसली. हसताना आत काहीतरी रिकामं झालं – तो चष्मेवाला बाप, ती बाई, दोघं उठून निघून गेल्यासारखं – आणि आश्चर्य म्हणजे त्या रिकाम्या जागेत वाईट वाटत नव्हतं. भुकेलेली, वैतागलेली पाच-सहा माणसं. त्यांचेही आभार मानता येतात की.

बैठकीत कंपनीच्या बाई बोलायला उठल्या. नम्र, नीट तयारी केलेल्या. फवारणी करणाऱ्या माणसांचं म्हणणं त्यांनी वाचून दाखवलं – घरी गेल्यावर दोनदा अंघोळ करतो तरी वास जात नाही; मुलांना जवळ घेववत नाही; संध्याकाळी डोकं असं ठणकतं की उजेड नको होतो...

उजेड नको होतो. दिवा घालवा रे, असं बाबा म्हणायचे. भिंतीकडे तोंड करून, कपाळावर ओला पंचा टाकून पडलेले बाबा, आणि ‘दंगा करू नका’ म्हणणारी आई, आणि मनातल्या मनात त्यांना तिरसट ठरवून बसलेली ती... आपला जीव ज्या वासानं वाचवला तोच तो वास होता, ही दोन टोकं इतक्या वर्षांत तिनं एकत्र कशी आणली नाहीत?

“तुमचं मत?” अध्यक्षबाईंनी विचारलं.

विरोधाचं भाषण तोंडपाठ होतं. ती उभी राहिली आणि निराळंच बोलली.

“आधी सांगायला हवं, लहानपणी या वासानं माझा जीव वाचवलाय. माझं मत ऐकताना तेवढं ध्यानात घ्या. वास काढू नये असं मला वाटतं. बाटलीला झाकण आहे, पण लोक ते उघडं टाकतात, दुसऱ्या बाटलीत ओततात. कडू घटक घातला तरी तो तोंडात गेल्यावर कळतो, वास त्याआधी. पण ही फवारणारी माणसं खोटं बोलत नाहीत. बाटलीत येईल आणि पाण्यात कालवल्यावर विरेल, असा वास असू शकतो का, हे कुणी तपासलंय?”

कुणी तपासलं नव्हतं. कंपनीच्या बाईंनी मान हलवून टिपून घेतलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. तोवर जुनी अट कायम.

जिन्यात थांबून तिनं आईला फोन लावला.

“आई, बाबांचं डोकं कशानं दुखायचं गं?”

“त्या मेल्या वासानं, दुसरं काय! आज हे कुठून काढलंस?”

“असंच.”

“चोरून विकायचे तेव्हा बिनवासाचं. मीच म्हटलं, ते आणत जा, निदान जेवण तरी जाईल. तर म्हणाले, घरात पोर आहे, वासाचंच बरं. तुझ्या त्या उद्योगानंतरची गोष्ट. हट्टी माणूस... बरं ऐक, तो नळवाला अजून आला नाही, सकाळपासून वाट बघतेय, आणि शेजारीण म्हणते...”

आई बोलत राहिली. ती कठड्याला टेकून ऐकत होती, हूं म्हणत होती. जिन्यावरून माणसं वर-खाली जात होती, कुणीतरी ओळखीचं हसलं, तीही हसली. डोळे भरले होते ते पुसायचं तिला सुचलं नाही. इतकी वर्षं ज्याला चेहरा नव्हता त्या आभारांना आता चेहरा होता, भिंतीकडे वळलेला, दुखऱ्या कपाळाचा, आणि त्याला काही सांगायची सोय उरली नव्हती. आजच्या बैठकीत आपण काय म्हणणार आहोत हे सकाळी तिला पक्कं माहीत होतं. पुढच्या बैठकीचं आता माहीत नव्हतं... आणि तरी, नळवाल्याची ती तक्रार कानाशी धरून उभी असताना, आपल्यावर कुणाची तरी केवढी माया होती, एवढं एकच तिला सगळ्या बाजूंनी जाणवत होतं, आणि त्या मायेला जागा करून द्यायला ती कठड्यापासून किंचित सरकून उभी राहिली.