दुसरी रेघ

नंदाने नवी पट्टी बुडवली आणि घड्याळाकडे बघत पूर्ण पाच मिनिटं थांबली. पुन्हा एकच रेघ. स्वच्छ नमुन्याला दोन रेघा उमटतात. दुसरी उमटली नाही, तर लघवीत गांजा आहे. बाटलीवरचं नाव तिने परत वाचलं. प्रज्ञेश रतन कांबळे. तिचाच मुलगा.

हिंजवडीच्या कंपनीने नोकरीवर घेण्याआधी ही तपासणी मागितली होती. "तुझ्याच लॅबमध्ये देतो," म्हणत सकाळी तो हसत बाटली ठेवून गेला होता. बिबवेवाडीतल्या या लॅबमध्ये नंदाची बावीस वर्षं गेली होती. तिच्या रिपोर्टवर डॉक्टरसुद्धा शंका घेत नसत. नवरा गेल्यावर याच पगारावर तिने पोराला इंजिनिअर केलं होतं.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"तू नशेचं काही घेतोस का रे?"

"वीकेंडला, कधीतरी. मित्रांबरोबर. का गं?"

"सहज. तुला काहीच वाटत नाही?"

"काय वाटायचंय? चोरी केली का मी? कुणाला मारलं? उगाच गिल्ट नको देऊस, आई. चल, गाडीवर आहे."

नंदा कठडा धरून उभी राहिली. त्याचा आवाज जरासुद्धा कापला नव्हता. गांजापेक्षा त्यानेच ती जास्त हादरली.

मग ती आत आली, एक रिकामी बाटली उचलली आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली. बाहेर आल्यावर त्या बाटलीवर तिने मुलाचं नाव चिकटवलं. पट्टीवर दोन ठळक रेघा आल्या. तिने सही केली.

चार दिवसांनी प्रज्ञेश पेढे घेऊन आला.

"रिपोर्ट क्लीन! आणि आदल्या शनिवारीच ओढला होता, बोल! एवढ्यातेवढ्याने काही होत नाही, आई. आता तर तुझ्या लॅबनेच सांगितलं."

नंदाने तोंड उघडलं. त्याने त्यात पेढा भरवला.

रविवारी दोघं विहारात गेली. भन्तेजींच्या मागोमाग सगळे पंचशील म्हणू लागले. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि नंदाचे ओठ मिटले. शेजारच्या सरुबाईंनी वळून पाहिलं. मग पाचवं, नशेपासून दूर राहण्याचं. प्रज्ञेशने हात जोडून, डोळे मिटून, एकही अक्षर न अडखळता ते खणखणीत म्हटलं.