कानशीच्या सुरीवरचा आळ

मित्रांनो, मला पहिल्यांदा हातात घेणारा माणूस आधी नाक मुरडतो. माझं पातं काळपट आहे आणि त्यावर निळे-करडे डाग आहेत. मी एक जुनी सुरी. बदलापूरजवळच्या चामटोली गावात, मोतीबाईच्या चुलीशेजारी खुंटीला लटकते. माझ्यावर एकदा विष घातल्याचा आळ आला होता. तीच हकीकत तुम्हाला सांगते.

सुरी होण्याआधी मी कानस होते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत लोखंड घासता घासता माझे दात झिजले आणि मला भंगाराच्या पेटीत टाकलं. तिथून मला उचललं ते हरिचंद्रने. साल १९८६. घरची भातशेती सांभाळून तो कंपनीत ग्राइंडिंग मशीन चालवायचा. ज्याने मला घडवलं त्याला मी एकेरीच म्हणते, आईला म्हणतात तसं.

हरिचंद्रचा स्वभाव भारी संशयी. साधा कोयता घ्यायचा तरी पात्यावर टिचकी मारून आवाज ऐकायचा. दुकानदार काय सांगतो ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचा. त्यामुळे त्याचे साहेब, गुरुदत्त, एक दिवस मशीनपाशी येऊन उभे राहिले तेव्हाही तो सावध झाला.

गुरुदत्तसाहेब दर रविवारी डोंगरावर भटकायला जात. त्यांनी उल्हासनगरच्या बाजारातून परदेशी नावाचा चकचकीत चाकू घेतला होता. सिंधी दुकानदाराने सरळ सांगितलं होतं, "साईं, नाव फॉरेनचं आहे, माल इथलाच. भाजीला चांगला, बांबूला नको." पण साहेबांनी नावावर विश्वास ठेवला आणि बांबू कापायला गेले. चाकू बोथट झाला.

"हरिचंद्र, मला घरात आणि डोंगरावर, दोन्हीकडे चालेल अशी एकच सुरी करून दे," ते म्हणाले.

"एक सुरी दोन घरं नांदवत नाय, साहेब," हरिचंद्र म्हणाला. पण जेवणाच्या सुट्टीत त्याने तीन तुकडे दाखवायला आणले. एकेक तुकडा फिरत्या चाकाला लावला. स्टेनलेसच्या ठिणग्या थोड्या आणि आखूड पडल्या. मशीनच्या करवतीच्या तुकड्यातून मंद तांबड्या ठिणग्या निघाल्या. मग माझी पाळी आली. माझ्यातून पांढऱ्या ठिणग्यांचं झाड फुटलं, फांदीफांदीला फुलं असलेलं. साहेब दोन पावलं मागे सरकले.

"ठिणगी खोटं बोलत नाय," हरिचंद्र म्हणाला. "स्टेनलेसला गंज चढत नाय, पण बांबूवर धार जाते. करवतीचं पोलाद लई कडक, पण दगडावर पडलं की दोन तुकडे. कानशीला धार चांगली येते, साध्या दगडावर लावता येते. पण ओली ठेवली तर सकाळी तांबडी. आंबट लागलं की काळी. रोज पुसायला लागंल. घरात पुसणार कोन, ते आधी सांगा."

"पुसू रे. हीच कर."

"मग गेटपास लिहून द्या. भंगार असलं तरी कंपनीचं हाय. उद्या मना कोन चोर बोललं तर?"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं, हा आपल्यावरच अविश्वास दाखवतो आहे. तरी त्यांनी सही केली.

मग हरिचंद्रने मला चामटोलीला नेलं. त्याच्या बायकोच्या, मोतीबाईच्या, चुलीवर तवा ठेवून मला तापवलं आणि माझा रंग पेंढ्यासारखा पिवळा झाल्याबरोबर खाली उतरवलं. तेवढा कडकपणा काढला नसता तर मी काचेसारखी तडकले असते. नंतर घासताना तापून मऊ पडू नये म्हणून तो मला दर क्षणाला पाण्यात बुडवायचा. मूठ शिसवाची बसवली. त्याला स्वतःचंच काम आवडलं. माझ्यावरून दोनदा अंगठा फिरवला.

डोंगरावर साहेबांनी माझं खूप कौतुक केलं. मी बांबू सोलला, दोर कापले. कंपनीतल्या आणखी दोघा साहेबांनी हरिचंद्रकडून तशाच सुऱ्या करून घेतल्या. पण साहेबांच्या घरात मात्र माझ्याकडे कुणी सरळ नजरेने पाहिलं नाही. त्यांच्या पत्नी मालिनीताई मला धुवायच्या आणि तशीच ओली ठेवायच्या. मी कापलेल्या कांद्याला लोखंडाचा वास येतो, असं त्या म्हणायच्या. "एमआयडीसीतलं लोखंड. कुठल्या केमिकलमधून आलंय कोण जाणे. हिने चिरलेलं मी कुंदाला देणार नाही."

कुंदा त्यांची नऊ वर्षांची मुलगी. पुढच्या वर्षी, ऐन वैशाखात, मालिनीताई बाजारात गेल्या असताना साहेबांच्या आईने, माईंनी, कैऱ्या चिरायला मलाच घेतलं. माझं पातं काळं पडलं, फोडींच्या कडाही काळवंडल्या. माईंनी आमटी केली. कुंदाने ती दुपारी खाल्ली, संध्याकाळी पुन्हा मागून खाल्ली आणि थोड्याच वेळात तिला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस पोर अंथरुणात पिळवटून निघाली. डॉक्टर म्हणाले, "बाधलंय काहीतरी. काय खाल्लं ते शोधून काढा."

शोधायची गरजच पडली नाही. मी काळी होऊन ओट्यावर पडले होते.

साहेबांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कंपनीत नेऊन, सगळ्या कामगारांसमोर हरिचंद्रच्या मशीनवर आदळलं. "माझी मुलगी मरता मरता वाचली. शेजारच्या केमिकल कंपनीतलं पोलाद दिलंस ना मला?"

हरिचंद्रने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. "कानस आपल्याच कंपनीची, साहेब. खाली तुमची सही हाय."

साहेबांनी कागद वाचला, पण माघार घेतली नाही. "सुरीला काय लावलंस ते कुठे लिहिलंय यात?" दुपारपर्यंत त्या दोघा साहेबांच्या सुऱ्याही परत आल्या. हरिचंद्रला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं. वर्षानुवर्षं एका ताटात जेवणारे सोबती डबा उघडताना जरा लांब सरकून बसू लागले.

मित्रांनो, मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. घरी आल्यावर हरिचंद्रने मला उजेडात धरलं आणि माझ्याकडे तसंच पाहिलं, जसं मालिनीताई पाहायच्या. त्यालाही माझी शंका आली होती. भंगाराच्या पेटीत माझ्या अंगाला काय काय लागलं असेल, याचा तो हिशोब करत होता. त्याने कैरी चिरली. मोतीबाईने फोड उचलली तसा त्याने तिचा हात धरला.

"तू नको. मी आधी."

त्याने अख्खी कैरी मीठ लावून खाल्ली आणि ओटीवर बसून राहिला. दुपार कलली. त्याला काहीसुद्धा झालं नाही. तेव्हा मोतीबाईने विचारलं, "सुरीचं र्‍हाऊ दे. त्यांनी आमटी शिजवली कशान?"

हरिचंद्रने तिच्याकडे पाहिलं. एवढा संशयी माणूस, पण भांड्याचा संशय त्याच्या मनात आलाच नव्हता.

रविवारी दोघं मला घेऊन अंबरनाथला साहेबांच्या घरी गेले. मालिनीताई दारातच म्हणाल्या, "ती सुरी आत आणू नका."

"बाई, मना एकदा आमटीचं भांडं बघू द्या. मंग मी जाते," मोतीबाई म्हणाली.

माईंनी पितळी पातेलं आणलं. त्यांच्या लग्नातलं ते, बाहेरून सोन्यासारखं घासलेलं. मोतीबाईने ते खिडकीशी नेऊन तिरकं केलं. आत कल्हईचे नुसते ठिपके उरले होते आणि बाकी सगळं उघडं पितळ होतं. तिने सगळ्यांसमोर माझ्याने एक कैरी चिरली. अर्ध्या फोडी मीठपाणी घालून काचेच्या वाडग्यात ठेवल्या, अर्ध्या त्या पातेल्यात. "आता बसू या," ती म्हणाली.

दोन तास सगळे तिथेच बसले. मालिनीताई दोन्ही भांड्यांवर नजर ठेवून होत्या. मोतीबाई काही हातचलाखी करेल, अशी त्यांना भीती होती. शेवटी माई उठल्या. वाडग्यातलं पाणी थोडं काळसर दिसत होतं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. आंबट लागलं, थोडं लोखंडासारखं, दुसरं काही नाही. पातेल्यातलं पाणी हिरवट झालं होतं. तेही बोटभर चाखलं आणि माई लगेच मोरीत जाऊन थुंकल्या.

"कळकलंय, पितळ उतरलंय यात," त्या म्हणाल्या. "फाल्गुनात कल्हईवाला दारात आला होता. मीच म्हटलं, चालेल अजून. आमटी संध्याकाळपर्यंत यातच ठेवली होती मी."

मालिनीताईंनी माईंना बसायला पाट दिला. साहेब हळू आवाजात म्हणाले, "चूक झाली, हरिचंद्र."

"साहेब, तुमी मना बोललात ते मशीनपाशी. सगळ्यांसमोर. हे पन तिथंच बोला."

साहेबांचा चेहरा उतरला. सोमवारी ते येतील यावर हरिचंद्रचा विश्वास नव्हता, माझाही नव्हता. पण ते आले. पॅकिंगच्या टेबलाशी उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुरीत काही दोष नव्हता. माझ्या घरचं भांडं खराब होतं. मी चौकशी न करता बोललो." त्याच दिवशी हरिचंद्र आपल्या मशीनवर परत बसला.

साहेबांनी मला परत मागितलं. हरिचंद्रने त्यांना स्टेनलेसची एक सुरेख सुरी करून दिली. "तुमच्या घराला हीच बरी," तो म्हणाला. "हिच्यावर विश्वास ठेवायला लागत नाय." मी मात्र मोतीबाईकडे राहिले.

पुढे सोनिवली आणि बदलापूरहून लोक सुऱ्या करून घ्यायला येऊ लागले. हरिचंद्र प्रत्येकाच्या हातात आधी एक लिंबू द्यायचा, नव्या सुरीने कापायला लावायचा. पातं काळवंडलं की म्हणायचा, "हे बघून घ्या. चालत असंल तर न्या." काही जण ठेवून जायचे. त्याचं त्याला वाईट वाटत नसे.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना फार काही लागत नाही. काम झालं की धुवा, कोरडं पुसा, पावसाळ्यात खोबरेल तेलाचं बोट फिरवा. आणि घरात कुणाला बाधलंच, तर संशय जरूर घ्या, पण चकचकीत दिसतं त्याचाही घ्या.