चौथ्या चेंबरची नोंद

माझ्या मेहुण्याचे म्हणणे असे, की शर्यतीचे इंजिन कोणीही गाढव बांधू शकते. खरी कसोटी, तेवढ्याच ताकदीचे इंजिन बांधून त्याच्यावर भाजी आणायला जाण्यात आहे, आणि तेसुद्धा कोपऱ्यावरच्या पंपावर मिळते तेच साधे पेट्रोल घालून. भाजी आणायला दोनशे घोडे कशाला लागतात, असे मी त्याला एकदा विचारले होते. "भाजी ताजी राहते, भावोजी," तो म्हणाला. तेव्हा तो असे बोलायचा.

अडचण होती ती पेट्रोलची. ताकद हवी असेल तर पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जास्त दाबावे लागते. पण पंपावरचे पेट्रोल प्रमाणाबाहेर दाबले, की ते ठिणगीची वाट न पाहता आपले आपण पेटते आणि पिस्टनवर अवेळी ठोका बसतो. असे ठोके बसत राहिले की पिस्टन वितळतो. म्हणून दाब साडेदहा पटीपर्यंत न्यायचा आणि तिथे हात आवरायचा, असे त्याने ठरवले होते. त्यासाठी हेडमधली, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातली, चार चेंबरे, म्हणजे ज्या वाटीएवढ्या पोकळ्यांत हा सगळा जाळ होतो त्या, अगदी सारख्या मापाच्या असाव्या लागतात. हेड उलटे ठेवायचे, चेंबरवर भोक पाडलेली जाड पारदर्शक पट्टी ग्रीस लावून बसवायची आणि त्या भोकातून ब्युरेटने लाल रंग घातलेले स्पिरिट सोडायचे. किती मावले ते लिहायचे.

ब्युरेट त्याच्या बायकोची. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि प्रयोगशाळेतून निकालात निघालेली ती काचेची नळी तिने घरी आणली होती. आकडा ती वाचायची आणि मी लिहायचो. पट्टीखाली हवेचा बुडबुडा अडकल्याची शंका आली, की ती बोटातल्या अंगठीने पट्टीवर ठोके द्यायची. दोन ठोके, मग थांबायचे, मग एक. बुडबुडा निमूटपणे भोकातून वर यायचा. वर्गातली पोरेही अशीच वर येतात, असे ती म्हणायची.

मी नोकरीभर पाणीपुरवठा कार्यालयात तलावांच्या पातळीचे तक्ते लिहिले. एखाद्या दिवसाचा आकडा आला नाही, किंवा आला तो शेजाऱ्यांशी फटकून वागणारा असला, तर मागचापुढचा दिवस बघून मी तो जुळवून घेत असे. तलावांनी कधी तक्रार केली नाही. वरिष्ठांनी माझ्या तक्त्यांची दोनदा प्रशंसा केली आणि दोन्ही वेळा ती अक्षराबद्दल होती.

हे हेड मोजले त्या दिवशी तिच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून आकडा वाचणेही माझ्याकडे आले. पहिले चेंबर सत्तेचाळीस घन सेंटीमीटर, दुसरे सत्तेचाळीस, तिसरे सत्तेचाळीस आणि एक दशांश. चौथ्यात मात्र बेचाळीसलाच स्पिरिट भोकापर्यंत आले. मी मनात म्हटले, बुडबुडा असेल. ठोके द्यायला हवे होते, पट्टी काढून पुन्हा बसवायला हवी होती. पण माझी पाठ भरून आली होती आणि आत कपबश्यांचा आवाज येत होता. शिवाय तीन आकडे एका रांगेत इतके शहाण्यासारखे बसले होते, की त्यांच्या शेजारी बेचाळीस लिहिणे मला असभ्यपणाचे वाटले.

"चौथं?" मेहुण्याने हात धुता धुता विचारले.

"सत्तेचाळीस," मी म्हटले, आणि तसे लिहिले.

पाच घन सेंटीमीटरचा फरक. खोकल्याच्या औषधाचा एक चमचा. तेवढ्याने त्या एका चेंबरातला दाब साडेदहाचा साडेअकरा पट होतो, हे गणित मी पुढे सवडीने केले.

इंजिन अकरा आठवडे दृष्ट लागावी असे चालले. बाराव्या आठवड्यात एका उताराच्या वळणावर चौथा पिस्टन वितळून जागच्या जागी धरला गेला, चाके जाम झाली आणि गाडी कठड्यावर गेली. तो गळ्यात हात अडकवून घरी आला. शेजारच्या सीटवरची त्याची बायको आली नाही.

त्यानंतर त्याने इंजिनाला हात लावला नाही. लोकांच्या चाकांची हवा बघत तो गॅरेजमध्ये बसून राही. पिस्टनच्या रिंगा आपणच घट्ट बसवल्या, आपल्याच हातांनी तिला मारले, एवढे एक वाक्य त्याने धरून ठेवले होते. तीन वर्षे दर रविवारी मी त्याच्यासमोर बसून चहा प्यालो आणि ते वाक्य ऐकले. माझ्या नोंदीवर त्याने कधी संशय घेतला नाही. माझे अक्षर खरोखरच फार चांगले आहे.

मग एका रविवारी दुपारी तो जुन्या चादरीत गुंडाळलेले हेड आणि ती ब्युरेट घेऊन आमच्याकडे आला आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरू लागला. नक्की कुठे चुकलो ते एकदा बघायचे आहे, म्हणाला. आता पकडला जाणार, हे मला दिसले. पण खरे सांगायचे तर सुटल्यासारखेही वाटले. माझ्या तोंडून तीन वर्षांत जे निघाले नाही, ते आता ब्युरेट सांगणार होती.

या वेळी तो वाचत होता आणि मी लिहीत होतो. तीन चेंबरे पूर्वीसारखीच आली. चौथ्याच्या पट्टीवर मी स्वतः पेन्सिलीने ठोके दिले, दोन, आणि थांबून एक. बुडबुडा नव्हता. स्पिरिट चढत बेचाळीसपाशी आले आणि तिथे न थांबता पुढे गेले.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "तुम्ही लिहिलंय तेवढंच."

मी चष्मा पुसून पाहिले. सत्तेचाळीसच होते.

हेड तिरके करून मी ते स्पिरिट मापाच्या नळकांड्यात ओतून घेतले, कारण गेले तेवढे परत आले पाहिजे ही माझी जुनी खोड. पहिल्या तिन्ही चेंबरांनी घेतले तेवढे परत दिले होते. चौथ्यातून बेचाळीस आले. पुन्हा भरले, सत्तेचाळीस गेले. ओतले, बेचाळीस आले. तिसऱ्यांदाही तेच. व्हॉल्व्हची मागची बाजू कोरडी होती आणि टेबलावरच्या कागदावर लाल ठिपकादेखील नव्हता. उडून गेले असेल, म्हणून मेहुण्याने तो विषय संपवला. बाकीच्या तिघांतून का उडाले नाही, हे मी विचारले नाही.

त्याऐवजी मी त्याला सगळे सांगितले. बेचाळीस, कपबश्या, रांगेतले शहाणे आकडे, सगळे. तो हेड पुसत शांतपणे ऐकत होता.

"ताईनं सांगितलं का असं बोलायला?" तो म्हणाला.

"नाही रे. खरंच तसं झालं."

"मला बरं वाटावं म्हणून कशाला अंगावर घेता, भावोजी? आत्ता आपण दोघांनी मोजलं ना? आणि तुम्ही चुकीचा आकडा लिहिणार?" एवढे म्हणून तो हसला. तीन वर्षांत मी त्याला हसताना पाहिले नव्हते. माझा कबुलीजबाब त्याला विनोद म्हणून तरी उपयोगी पडला.

हेड निर्दोष आहे, तेव्हा चूक रिंगांचीच, आणि हाताने केलेली चूक हाताने सुधारता येते, असे त्याने ठरवले. नवे पिस्टन आले. तो दाढी करू लागला, पोटभर जेवू लागला. मी बायकोलाही सांगून पाहिले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्याला आता कुठं उभारी येतेय. तुम्ही आपलं तोंड मिटून ठेवा." तोंड मिटून ठेवण्याचा मला चांगला अनुभव होता. चौथे चेंबर घासून मोठे करावे, असे मी त्याला निरनिराळ्या निमित्ताने चार वेळा सुचवले. घासले तर बाकीच्यांशी मेळ बसणार नाही, हे त्याने मला चारही वेळा समजावून सांगितले.

इंजिन सुरू झाले त्या सकाळी पहिली फेरी ताईची, असे भावाबहिणीचे ठरले होते. उताराच्या रस्त्यानेच जायचे, त्याशिवाय भीती जायची नाही, असे तो म्हणाला. माझी बायको ठेवणीतली पर्स घेऊन त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसली आणि तिने काच वर केली. बॉनेट उघडे होते. मेहुण्याने लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनावर टेकवले आणि मुठीला कान लावून एकेक सिलिंडर ऐकला. असाच ठोका पकडतात. त्याचा चेहरा उजळला. "आता तुम्ही ऐका," म्हणून त्याने तो माझ्या हातात दिला आणि स्वतः आत स्टिअरिंगपाशी जाऊन बसला.

पहिले तीन शिवणयंत्रासारखे एका लयीत चालले होते. चौथ्यावर टोक टेकवले तेव्हा त्या लयीच्या आतून दुसरे काही ऐकू आले. काचेवर काहीतरी बारीक, कठीण वाजत होते. दोन ठोके, मग थांबून एक.

बायको घाई करते आहे, मी मनात म्हटले. पर्सची कडी काचेवर वाजवत असेल.

"चौथं?" मेहुण्याने आतून विचारले.

"बाकीच्या तिघांसारखंच," मी म्हटले.

निघण्यापूर्वी ऑइल एकदा बघून घ्यावे म्हणून त्याने इंजिन बंद केले. पंखा थांबला. मी कान तसाच मुठीला लावून उभा होतो. दोन ठोके आले, आणि थांबून एक. मी मान न हलवता फक्त डोळे वळवून बाजूच्या काचेतून आत पाहिले. बायको समोर बघत शांत बसली होती. तिची पर्स मांडीवर होती आणि पर्सवर तिने दोन्ही हात एकमेकांत गुंफून ठेवले होते.